औषध की प्रसाधन? पिवळ्या ट्यूबपासून कोरियन कुपीपर्यंत

हळद आणि चंदनाचे तेल घातलेली एक क्रीम. घरात आरशाच्या फळीवर तिची ट्यूब पडलेली असे. आजीही लावी, नातही लावी. या ट्यूबवरून केंद्रीय उत्पादन शुल्क खाते आणि एक मराठी कुटुंब पाव शतकाहून अधिक काळ कोर्टात झुंजले. क्रीम चांगली की वाईट, हा वाद नव्हताच. हिला औषध म्हणायचे की प्रसाधन, एवढाच प्रश्न होता. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस ठाण्याच्या दिवाणी न्यायालयात उभा राहिलेला हा तंटा मुंबई उच्च न्यायालयात गेला, तिथे मिटल्यासारखा वाटला, पुन्हा उकरला गेला आणि डिसेंबर २००४ मध्ये दिल्लीत सर्वोच्च न्यायालयाने खात्याचे म्हणणे फेटाळले. विको टर्मरिक औषधच राहिली.

आता तोच प्रश्न नव्या वेशात आला आहे. यावेळी तो सेऊलहून निघालेल्या, बोटाच्या पेराएवढ्या काचेच्या कुपीत आहे आणि कुपीवर लिहिले आहे ‘एक्सोसोम’. त्वचेची दुरुस्ती, सुरकुत्यांवर उतारा, मुरुमांचे खड्डे भरणे, गेलेले तेज परत आणणे, अशी आश्वासने घेऊन ती फोनच्या पडद्यावरून सोलापूरच्या घराघरांत पोचली आहे. मुंबई-पुण्याला जे आज चालते ते सोलापूरच्या होटगी रोडला यायला पूर्वी चार-पाच वर्षे लागत. आता चार-पाच आठवडे पुरतात.

तसे सोलापूर त्वचेच्या बाबतीत कोरे नाही. एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशी ओलांडून जातो आणि हवा अशी कोरडी होते की ओठ आणि टाचा आधी बोलू लागतात. शेजारच्या सांगलीत हळदीची देशातली एक मोठी बाजारपेठ. शहराच्या पूर्व भागात, तेलंगणातून मागाच्या कामासाठी आलेल्या पद्मशाली वस्तीत, सणावाराला बायकांची पावले हळदीने पिवळी होतात. दिवसभर सुपात तंबाखू घेऊन विड्या वळणाऱ्या बाईची बोटे, हा तर त्वचेच्या डॉक्टरांनी वेगळा अभ्यास करावा असा विषय. या बायकांसाठी ‘स्किन रिपेअर’ म्हणजे खोबरेल तेल, तूप, नाहीतर कैलास जीवनची डबी. औषध की प्रसाधन, असे त्या डबीला कोणी विचारले नाही. भाजले तरी तीच, टाच फुटली तरी तीच.

सरकारला मात्र विचारावे लागते, कारण कर त्यावर ठरतो.

मुंबईत चेहऱ्याला लावायच्या देशी क्रीमचा व्यापार पहिल्या महायुद्धानंतर उभा राहिला. १९१९ मध्ये इब्राहिम सुलतानअली पाटणवाला यांनी अफगाण स्नो बाजारात आणली. भायखळ्याच्या एका रस्त्याला आजही पाटणवालांचे नाव आहे. ही क्रीम औषध असल्याचा तिचा दावा नव्हता. ती लावली की चेहरा गोरा, मऊ दिसतो, एवढेच. १९४० साली ब्रिटिश सरकारने औषधांचा कायदा केला, त्यात प्रसाधनांचा उल्लेखही नव्हता. १९६२ च्या दुरुस्तीने ती कायद्यात आली आणि कायद्याचे नाव ‘औषधे व प्रसाधने कायदा’ झाले. १९६४ मध्ये त्यात आयुर्वेदिक औषधांचे स्वतंत्र प्रकरण घातले गेले. म्हणजे दोन वर्षांच्या अंतराने एकाच कायद्यात दोन नव्या खोल्या बांधल्या गेल्या: एक स्नो-पावडरची, दुसरी वैद्यांच्या चूर्ण-तेलांची. हळदीची क्रीम या दोन खोल्यांच्या बरोबर मधल्या भिंतीवर येऊन बसणार होती.

केशव विष्णू पेंढरकर मूळचे किराणा व्यापारी. नागपूरचे दुकान सोडून ते मुंबईला आले आणि १९५२ मध्ये परळला त्यांनी विष्णू इंडस्ट्रियल केमिकल कंपनी काढली. तिच्या आद्याक्षरांची ‘विको’ झाली. पहिला माल दातांची पावडर, वज्रदंती. ती घरोघर फिरून विकावी लागली. पुढे मुलगा गजानन धंद्यात आला आणि १९७५ मध्ये हळदीची क्रीम निघाली. त्याच वर्षी हिंदुस्तान लीव्हरने फेअर अँड लव्हली आणली, हा योगायोग लक्षात ठेवण्याजोगा आहे. एका ट्यूबने गोरेपणा विकला. दुसरीने लग्नातली हळद विकली. पण सोबत हेही सांगितले, की ही नुसती शोभेची वस्तू नाही, हे आयुर्वेदिक औषध आहे. टॉकीजमधल्या इंटरव्हलला, भाड्याने आणलेल्या व्हिडिओ कॅसेटवर आणि १९८४ मध्ये दूरदर्शनवरच्या ‘ये जो है जिंदगी’ या मालिकेच्या आधी ही जाहिरात इतक्या वेळा वाजली, की त्या पिढीला ‘कॉस्मेटिक’ हा शब्दच मुळी ‘विको टर्मरिक, नहीं कॉस्मेटिक’ अशा यमकातल्या नकारासह पाठ झाला.

तो नकार केवळ यमकासाठी नव्हता. त्यामागे मोठा पैसा होता. प्रसाधन ही चैनीची वस्तू मानली जाई आणि तिच्यावर उत्पादन शुल्क औषधापेक्षा कितीतरी जड असे. खात्याचे म्हणणे वरवर बिनतोड: ही क्रीम डॉक्टर लिहून देत नाही, ती किराणा दुकानात आणि बांगड्यांच्या दुकानात मिळते, बायका ती रोज चेहऱ्याला लावतात, मग हे औषध कसले? कंपनीचे उत्तर तितकेच पक्के. माल आयुर्वेदिक औषधाच्या परवान्यावर तयार होतो, घटक आयुर्वेदाच्या ग्रंथांतले आहेत आणि उपयोग मुरूम, पुरळ, किरकोळ जखम यांवर सांगितला आहे. यातली गंमत अशी, की परवाना देणारे औषध प्रशासनही सरकारच आणि कर मागणारे खातेही सरकारच. एकाने औषध म्हणायचे, दुसऱ्याने प्रसाधन.

ठाण्याच्या न्यायालयाने कंपनीच्या बाजूने निकाल दिला, उच्च न्यायालयाने तो उचलून धरला. पण १९८५ मध्ये केंद्राने उत्पादन शुल्काची नवी अनुसूची आणली. औषधांचे प्रकरण तिसावे, प्रसाधनांचे तेहेतिसावे. अनुसूची बदलली म्हणजे जुना निकाल गेला, असे धरून खात्याने पुन्हा नोटिसा धाडल्या. २००४ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने विचारले ते असे, की क्रीम तीच आहे, वापर तोच आहे, मग आज वेगळे काय घडले ते दाखवण्याची जबाबदारी खात्याची. खात्याला ते दाखवता आले नाही.

सगळ्यांचे असे फळले नाही. बैद्यनाथच्या लाल दंतमंजनाचे प्रकरण याच सर्वोच्च न्यायालयात आले होते आणि तिथे निकाल उलटा लागला. सामान्य माणूस या पावडरीला काय समजतो, हे पाहा, असे न्यायालय म्हणाले. लोक सकाळी उठून त्याने दात घासतात. ते औषध नव्हे, दंतमंजन. वज्रदंती मात्र विको टर्मरिकच्याच खटल्यात होती आणि सुटली. दोन मंजने, दोन निकाल! २००६ मध्ये नागपूरच्या प्यूमा आयुर्वेदिक हर्बलच्या फेसपॅक, तेले आणि टॉनिकांचा गठ्ठाच न्यायालयापुढे आला, तेव्हा कसोटी जरा नेटकी झाली. चिठ्ठीशिवाय मिळते म्हणून एखादी वस्तू औषध नाही असे होत नाही. त्यातला औषधी अंश थोडा आहे, एवढ्यानेही नाही. ती कशासाठी आहे ते पाहायचे: रोग बरा करायला की रूप खुलवायला? आधी सामान्य माणसाची समजूत, मग घटकांची तपासणी, या दुहेरी चाळणीतून पुढची कितीतरी प्रकरणे गेली.

एक गोष्ट मात्र या सगळ्या खटल्यांत कुठेच नव्हती. क्रीम खरोखर गुण देते का, याची परीक्षा. न्यायालयाला करापुरती जात ठरवायची होती, गुण नव्हे. जाहिरात ऐकून मोठी झालेली माणसे तेवढा फरक विसरतात.

विकोचा तंटा अजून चालू असतानाच हळद आणखी मोठ्या कोर्टात गेली. २८ मार्च १९९५ रोजी अमेरिकेच्या पेटंट कार्यालयाने मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला पेटंट दिले: जखम भरून काढण्यासाठी हळदीचा वापर. संशोधक दोघेही भारतीय वंशाचे. जखमेवर हळद दाबणाऱ्या देशात ही बातमी आली तेव्हा लोक आधी हसले, मग चिडले. त्याच वर्षी वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेच्या महासंचालकपदी रघुनाथ माशेलकर आले होते; गोव्यातल्या माशेलमध्ये जन्मलेले, गिरगावात वाढलेले आणि पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतून दिल्लीला गेलेले. परिषदेने ऑक्टोबर १९९६ मध्ये पेटंटच्या फेरतपासणीचा अर्ज केला.

आजी हळद लावायची, हा पुरावा तिथे चालणार नव्हता. छापील कागद हवा होता. संस्कृत, उर्दू, हिंदी ग्रंथ धुंडाळून ३२ संदर्भ गोळा झाले. त्यांत भारतीय वैद्यक संघटनेच्या नियतकालिकातला १९५३ चा एक निबंधही होता. ऑगस्ट १९९७ मध्ये पेटंट कार्यालयाने मान्य केले, की यात नवे काही नाही. पेटंट गेले. त्यातून धडा घेऊन २००१ पासून पारंपरिक ज्ञानाचे संगणकीय कोठार उभे राहिले, जे आज परदेशी पेटंट परीक्षक उघडून पाहतात. महाराष्ट्रात या लढाईची कथा अजून अभिमानाने सांगितली जाते आणि सांगावीच. पण तिचा अर्थ अनेकदा चुकीचा लावला जातो. हळद जुनी आहे, एवढेच तिथे सिद्ध झाले. ती सुरकुत्या घालवते, असे वॉशिंग्टनच्या त्या कार्यालयाने कधी म्हटले नाही. जुने असणे वेगळे, गुणकारी असणे वेगळे.

आता कुपीकडे.

एक्सोसोमचा जन्म सौंदर्याच्या जगात झालाच नाही. १९८३ मध्ये दोन प्रयोगशाळा एकाच कोड्यावर काम करत होत्या. अमेरिकेत सेंट लुईसला क्लिफर्ड हार्डिंग, जॉन ह्यूझर आणि फिलिप स्टाल यांच्याकडे उंदरांच्या अपक्व तांबड्या पेशी होत्या. कॅनडात मॉन्ट्रियलला बिन-ताओ पॅन आणि रोझ जॉनस्टोन यांच्याकडे मेंढीच्या. रक्तातली तांबडी पेशी पक्व होताना तिला नको झालेली प्रथिने ती बाहेर कशी टाकते, हे त्यांना पाहायचे होते. त्यांना दिसले, की पेशीच्या आत एक पिशवी तयार होते, तिच्यात इवल्या इवल्या पुटिका भरतात आणि पिशवी पेशीच्या कडेला येऊन त्या बाहेर ओतते. जॉनस्टोन यांनी १९८७ मध्ये त्यांना एक्सोसोम हे नाव दिले. बरीच वर्षे शास्त्रज्ञांच्या लेखी ती पेशीची कचरागाडी होती.

मत बदलायला वेळ लागला. १९९६ मध्ये ग्रासा रापोझो आणि सहकाऱ्यांनी दाखवले, की रोगप्रतिकार करणाऱ्या पेशींतून निघालेल्या या पुटिका इतर पेशींना जागे करू शकतात. २००७ मध्ये स्वीडनमध्ये यान लोटवाल यांच्या गटाने त्यांच्या पोटात आरएनए सापडल्याचे जाहीर केले. मग चित्रच फिरले. एक पेशी दुसऱ्या पेशीला निरोप पाठवते आणि हे निरोपाचे पाकीट आहे, असे मांडले जाऊ लागले. आकार साधारण ३० ते १५० नॅनोमीटर. माणसाच्या केसाची जाडी ८० हजार नॅनोमीटरच्या आसपास असते. त्वचेवर जखम झाली की आजूबाजूच्या पेशी अशाच निरोपांवर चालतात: रक्तवाहिन्या फुटवा, सूज आवरा, कोलॅजेन विणा. प्रयोगशाळेतल्या ताटलीत मूळपेशींचे एक्सोसोम घातले की कोलॅजेन बनवणाऱ्या पेशी वेगाने सरकतात आणि उंदराची जखम लवकर मिटते, असे शेकडो निबंध निघाले. त्वचेच्या धंद्याचे कान टवकारले नसते तरच नवल.

कोरिया इथे आपल्या वाटेने आला. २००४ आणि २००५ मध्ये ह्वांग वू-सुक या शास्त्रज्ञाने मानवी गर्भाचे क्लोनिंग करून मूळपेशी मिळवल्याचा दावा ‘सायन्स’ या नियतकालिकात केला. तो बनावट निघाला आणि जानेवारी २००६ मध्ये निबंध मागे घेतले गेले. देशाने राष्ट्रीय नायक केलेला माणूस रात्रीत पडला. मूळपेशींवरचा कोरियाचा जीव मात्र कमी झाला नाही. २०११ मध्ये तिथल्या सरकारने हृदयविकारासाठी मूळपेशींच्या एका औषधाला मंजुरी दिली. त्याच्या आधीच, २००९ मध्ये, एक वेगळे दार उघडले होते: माणसाच्या पेशी ज्या द्रवात वाढवतात, तो द्रव सुरक्षिततेचे नियम पाळून प्रसाधनात वापरायला परवानगी. पेशी काढून घेतल्यावर जो द्रव मोरीत जायचा, त्याची किंमत सोन्याच्या भावाला भिडली. त्या द्रवातच एक्सोसोम असतात. २०१७ मध्ये सेऊलमध्ये एक्सोकोबायो ही कंपनी केवळ त्यांच्यासाठी स्थापन झाली. मानवी चरबीतल्या मूळपेशींचे एक्सोसोम गोठवून, वाळवून, पावडरीच्या रूपात कुपीत आले.

युरोपात हे चालले नाही. युरोपीय संघाच्या २००९ च्या प्रसाधन नियमावलीत मानवी पेशी, ऊती आणि त्यांपासून केलेले पदार्थ निषिद्ध यादीत आहेत. म्हणून मग गुलाबाच्या पेशींचे एक्सोसोम आले, पाठोपाठ जिनसेंगचे आले. आज दुकानात एक्सोसोम म्हणून मिळणाऱ्या बाटल्यांत वनस्पतीवाल्या कितीतरी असतात. गुलाबाच्या पेशीचा निरोप माणसाच्या त्वचेला कळतो का, हा प्रश्न बाटलीवर छापलेला नसतो.

इथेच पेंढरकरांच्या खटल्याशी गाठ पडते, पण उलट्या बाजूने. त्या कुटुंबाने आपली क्रीम औषध ठरावी म्हणून जिवाचे रान केले, कारण औषधाला कर कमी होता आणि मान जास्त. एक्सोसोमच्या व्यापाऱ्याला तीच वस्तू कागदावर प्रसाधन राहिलेली हवी असते. औषध म्हटले की चाचण्या आल्या, वर्षे गेली, कोट्यवधींचा खर्च झाला. प्रसाधनाला सुरक्षितता दाखवली की काम भागते, गुण सिद्ध करावा लागत नाही. अडचण एकच: गिऱ्हाईक प्रसाधनासाठी हजारो रुपये मोजत नाही, ते उपचारासाठी मोजते. म्हणून खोक्यावर प्रसाधन आणि खुर्चीशेजारी उभ्या असलेल्या माणसाच्या तोंडी उपचार. विकोने दोन्हीकडे एकच भाषा वापरली होती, बरोबर असो वा चूक. इथे दोन भाषा आहेत आणि त्या मुद्दाम वेगळ्या ठेवल्या आहेत. प्यूमाच्या निकालातली कसोटी, म्हणजे ही वस्तू कशासाठी आहे, एखाद्या एक्सोसोमच्या पत्रकाला लावून पाहिली तर खोक्यावरचा शब्द टिकणे कठीण.

कोरियाच्या औषध प्रशासनाची भूमिका याबाबत स्पष्ट आहे. एक्सोसोमची ही उत्पादने प्रसाधने आहेत, त्वचेवर लावायची. ती टोचणे बेकायदा. पण त्वचेच्या वरच्या थरातून, ज्याला शास्त्रीय भाषेत शृंगी थर म्हणतात, ५०० डाल्टनपेक्षा जड रेणू सहसा आत शिरत नाहीत, हे त्वचातज्ज्ञांना २००० सालापासून तोंडपाठ आहे. एक्सोसोम तर कोणत्याही एका रेणूपेक्षा अवाढव्य. नुसते चोळून काम होणार नाही, म्हणून आधी बारीक सुयांचा रोलर किंवा लेझर फिरवून त्वचेला हजारो छिद्रे पाडायची आणि मग कुपी ओतायची, ही पद्धत रूढ झाली. लावणे कुठे संपते आणि टोचणे कुठे सुरू होते, हे ठरवणे त्या छिद्रांइतकेच बारीक काम आहे.

या पद्धतीला काहीच आधार नाही, असे म्हणणे अन्याय होईल. २०२० मध्ये कोरियात मुरुमांचे खड्डे असलेल्या २५ रुग्णांवर एक नीट आखलेली चाचणी प्रसिद्ध झाली. लेझरनंतर चेहऱ्याच्या एका बाजूला एक्सोसोमचे जेल, दुसऱ्या बाजूला साधे जेल. कोणत्या बाजूला काय, हे रुग्णालाही ठाऊक नाही आणि तपासणाऱ्यालाही नाही. बारा आठवड्यांनी एक्सोसोमच्या बाजूला सुधारणा ३२.५ टक्के, दुसऱ्या बाजूला १९.९ टक्के. निकाल चांगला आहे. पण संख्या पंचवीस आहे आणि साध्या जेलच्या बाजूलाही वीस टक्के सुधारणा झाली, म्हणजे लेझरचा वाटा मोठा. शिवाय ती चाचणी व्रणांवर होती. पन्नाशीच्या सुरकुत्यांवर तिचा हवाला देणे म्हणजे एका गावचे पत्र दुसऱ्या गावी टाकणे.

कुपीत नेमके किती एक्सोसोम आहेत, हाही घोळच. लेबलवर अब्जांचे आकडे असतात. मोजणारे यंत्र द्रवात हलणारा प्रत्येक सूक्ष्म कण मोजते. तो एक्सोसोम आहे, प्रथिनाची गुठळी आहे की पेशीचा तुकडा, हे त्याला कळत नाही. या क्षेत्रातल्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०१४, २०१८ आणि २०२३ मध्ये निकषांची पुस्तिका काढली आणि संशोधकांना सुचवले, की उगम सिद्ध करता येत नसेल तर एक्सोसोम हा शब्दच टाळावा. शास्त्रज्ञ जो शब्द जपून वापरतात तो बाजार मात्र फेशियलच्या दरपत्रकात छापतो.

जगात धोक्याची पहिली मोठी घंटा अमेरिकेत वाजली. नेब्रास्का राज्यात एक्सोसोमची उत्पादने दिलेल्या अनेक रुग्णांना गंभीर त्रास झाल्यावर ६ डिसेंबर २०१९ रोजी तिथल्या अन्न व औषध प्रशासनाने जाहीर सूचना काढली: रोगावरील उपचारासाठी वापरले जाणारे एक्सोसोम हे औषध आहे आणि असे एकही उत्पादन मंजूर केलेले नाही.

भारतात कायदा त्या मानाने तयार आहे, फक्त तो कोणी उघडून वाचत नाही. २०१९ च्या नवीन औषधे आणि वैद्यकीय चाचणी नियमांत ‘नवीन औषध’ या व्याख्येत मूळपेशींपासून मिळवलेले आणि औषध म्हणून वापरायचे उत्पादन स्पष्ट शब्दांत बसवले आहे. प्रसाधनांसाठी २०२० चे वेगळे नियम आहेत. बाहेरून येणाऱ्या प्रत्येक प्रसाधनाची केंद्रीय औषध नियंत्रण संस्थेकडे नोंदणी लागते आणि तो नोंदणी क्रमांक व आयात करणाऱ्याचा पत्ता लेबलवर लागतो. लेबलवरचे विधान खोटे किंवा दिशाभूल करणारे असेल तर १९४० च्या कायद्याच्या कलम १७-सी नुसार ते प्रसाधन गैरनाममुद्रित ठरते. चेहऱ्यावर टोचायच्या इतर गोष्टी पाहिल्या तर बोटुलिनम टॉक्सिन औषधात मोडते आणि फिलर वैद्यकीय उपकरणात. सुईच्या टोकाशी प्रसाधनाला जागा ठेवलेली नाही.

सोलापूरला या कथेत आणखी एक हळवा कोपरा आहे. शहराजवळ केगावला २००५ पासून राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र आहे आणि सोलापूर डाळिंबाला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. डाळिंबाच्या रसातून एक्सोसोमसारख्या पुटिका वेगळ्या काढल्याचे शोधनिबंध परदेशात निघू लागले आहेत. केगावच्या शास्त्रज्ञांची लढाई मात्र फळाच्या सालीवरच्या डागांशी, म्हणजे तेल्या रोगाशी आहे. उद्या कोणी ‘पोमेग्रॅनेट एक्सोसोम’ची कुपी तीन-चार हजारांना विकायला आणली तर नवल नको. त्यात सांगोला-पंढरपूरच्या शेतकऱ्याच्या वाट्याला काय येईल, याचा हिशेब आधी मागायला हवा. हळदीच्या पेटंटने एवढे तरी शिकवले आहे.

तोवर सोलापुरात कोणी ही कुपी चेहऱ्यावर घेणार असेल तर तिने किंवा त्याने तीन गोष्टी विचाराव्यात. लेबलवर आयात नोंदणी क्रमांक आहे का? आतले कण माणसाच्या पेशीचे की झाडाचे? आणि सुई वापरणार असाल तर ती कोणत्या परवान्याखाली? उत्तर देताना समोरचा माणूस चाचरला तर तक्रार घ्यायला महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाचे कार्यालय सोलापुरातच आहे. त्वचेचा आजार असेल तर डॉ. वैशंपायन शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात त्वचारोग विभाग आहे. तिथली रांग लांब असते, पण तिथे लिहून मिळते ते औषध असते. चेहऱ्यावर टोचण्यासाठी म्हणून मंजूर झालेले एकही एक्सोसोम औषध आज ना भारतात आहे, ना अमेरिकेत, ना खुद्द कोरियात.